रिट कोणाविरुद्ध, कुठे आणि काय मागून? कलम 12 पासून 226 पर्यंत

मुद्रांकित

"मूलभूत हक्कावर गदा आली, आता रिटच टाकतो" हे वाक्य या विभागात वरचेवर येतं. रिट म्हणजे उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाकडे थेट आदेश मागणारी याचिका. अशा पुष्कळ रिट पहिल्या-दुसऱ्या तारखेलाच निकालात निघतात. हक्क नव्हता म्हणून नव्हे, दार चुकलं म्हणून. तेव्हा हक्कांची यादी बाजूला ठेवून दारांबद्दल लिहितो.

सुरुवात कलम 14 किंवा 21 पासून नको, 12 पासून करा. घटनेच्या तिसऱ्या भागातले, म्हणजे मूलभूत, हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध आहेत, आणि राज्यसंस्था म्हणजे कोण ते कलम 12 सांगतं: केंद्र सरकार व संसद, राज्य सरकारं व विधिमंडळं, स्थानिक प्राधिकरणं आणि 'इतर प्राधिकरणं'. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, सरकारी विद्यापीठ, एसटी महामंडळ हे सगळे आत. खासगी कंपनी, शेजारी, भाऊबंद बाहेर. खासगी माणसालाही थेट बांधणारी कलमं थोडकीच: दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव यांवरच्या प्रवेशाबद्दलचं 15(2), अस्पृश्यतेचं 17, वेठबिगारीचं 23, बालमजुरीचं 24. कौशल किशोर प्रकरणात 3 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने म्हटलं की 19 आणि 21 खालचे हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात. पण त्या एका ओळीच्या भरवशावर शेजाऱ्याविरुद्ध रिट घेऊन गेलात तर दिवाणी कोर्टाचा रस्ता दाखवतील.

दुसरा प्रश्न: कायदाच चुकीचा आहे, की बरोबर कायदा चुकीच्या पद्धतीने लावला? कलम 13 मधल्या 'कायद्या'त वटहुकूम, नियम, अधिसूचना, उपविधी सगळं येतं. कायदाच घटनाबाह्य ठरवून हवा असेल तर मागणीत तसं स्पष्ट लिहावं लागतं आणि सरकारला पक्षकार करावं लागतं. फक्त तहसीलदाराचा हुकूम चुकला असेल तर उगाच अख्ख्या अधिनियमाला हात घालू नका. प्रकरण दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाकडे जातं, सरकार उत्तराला मुदत मागतं, आणि एका सुनावणीत रद्द झाला असता असा हुकूम वर्षभर जिवंत राहतो.

तिसरं, 32 की 226? सर्वोच्च न्यायालय मोठं म्हणून त्याचा रिटचा अधिकारही मोठा, असा समज असतो. आहे उलटं. 32 खाली फक्त मूलभूत हक्क. 226 खाली मूलभूत हक्क 'आणि इतर कोणत्याही प्रयोजनासाठी'. म्हणजे साध्या वैधानिक हक्कासाठी, निवृत्तिवेतनाच्या नियमासाठीही उच्च न्यायालय चालतं. 32 हा स्वतःच मूलभूत हक्क आहे हे खरं, डॉ. आंबेडकरांनी 9 डिसेंबर 1948 ला संविधान सभेत त्याला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं. तरी आज दिल्लीत पहिला प्रश्न येतो, "उच्च न्यायालयात का गेला नाहीत?" शिवाय उच्च न्यायालयाने गुणवत्तेवर याचिका फेटाळली की तोच वाद 32 खाली पुन्हा नेता येत नाही. दर्याव प्रकरणापासून, म्हणजे 1961 पासून, हे ठरलेलं आहे. मग उरतं 136 खालचं विशेष अनुमती अपील. कोठडीतल्या माणसाला कोर्टापुढे आणवणाऱ्या हेबियस कॉर्पसला मात्र ही आडकाठी नाही.

आता काय मागायचं. सर्वाधिक गोंधळ मँडमस आणि सर्शिओरारीत होतो. अधिकारी कायद्याने बांधील काम करतच नाही, तिथे मँडमस, म्हणजे महादेश. त्याने हुकूम काढला पण अधिकाराबाहेर किंवा म्हणणं न ऐकता काढला, तिथे सर्शिओरारी, म्हणजे प्राकर्षण. हुकूम मागवून घेऊन रद्द करायचा. काम अजून चालू आहे आणि अधिकारच नाही, तर प्रतिषेध. पदावर बसलेला माणूस कोणत्या अधिकाराने बसला हे विचारणारी क्वाधिकाराची रिट. ती ज्याचं स्वतःचं काही नुकसान नाही असाही मागू शकतो. आणि देहोपस्थिती, म्हणजे हेबियस कॉर्पस: माणूस कोर्टापुढे आणा आणि कोठडीचा आधार दाखवा. कोठडीतल्याने स्वतःच सही करायला हवी असं नाही. नातेवाईक, मित्र कोणीही अर्ज करू शकतो.

मँडमस सर्वांत जास्त वेळा कशाने पडते? आधी मागणीच केलेली नसते. संबंधित अधिकाऱ्याला लेखी निवेदन द्या, कोणत्या नियमाखाली काय करणं त्याच्यावर बंधनकारक आहे ते त्यात लिहा, आवक क्रमांक घ्या, वाजवी वेळ जाऊ द्या. नकार किंवा मौन, दोन्ही चालतं. पण निवेदनच नसेल तर कोर्ट "आधी निवेदन द्या, त्यांनी अमुक आठवड्यांत निर्णय घ्यावा" एवढं म्हणून याचिका निकाली काढतं, आणि लोक त्यालाच विजय समजून घरी जातात.

---

कडीकोयंडा

चांगला धागा. एक भर जमिनीबद्दल. भूसंपादनाच्या तक्रारीत लोक आजही 'मालमत्तेचा मूलभूत हक्क' लिहितात. तो 44 व्या घटनादुरुस्तीने काढला, 20 जून 1979 पासून. आता 300अ आहे: कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावता येणार नाही. हा घटनात्मक हक्क आहे, पण तिसऱ्या भागात नाही. म्हणून नुसत्या 300अ वर 32 चं दार बंद, 226 चं सताड उघडं. 'मूलभूत' शब्द पडला म्हणजे संरक्षण गेलं असं नव्हे, पत्ता बदलला.

आणि पर्यायी उपायाचं राहिलं. अपील, पुनरीक्षण, न्यायाधिकरण असा रस्ता कायद्यात असेल तर उच्च न्यायालय आधी तिकडे पाठवतं. हे बंधन न्यायालयाने स्वतःवर घालून घेतलेलं आहे, अधिकार संपत नाही. 1998 च्या व्हर्लपूल निकालातले अपवाद पाठ असावेत: मूलभूत हक्काची बजावणी, नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकारक्षेत्रच नसणं, आणि कायद्याच्या वैधतेला आव्हान. यांतला एक तरी लागू होत असेल तर तो याचिकेत स्वतंत्र परिच्छेदात मांडा. "दुसरा कोणताही प्रभावी उपाय उपलब्ध नाही" हे छापील वाक्य प्रत्येक याचिकेत असतं, त्यामुळे ते कोणी वाचतही नाही.

---

चाळकरी

हाउसिंग सोसायटी सहकार कायद्याखाली नोंदलेली असते, उपविधी निबंधकाने मंजूर केलेले असतात. मग सोसायटी 'इतर प्राधिकरणं' मध्ये का नाही? कमिटीने पार्किंगचा ठराव केला आणि भाडेकरू ठेवणाऱ्या सभासदांना वगळलं, तर कलम 14 लागेल ना?

---

मुद्रांकित

@चाळकरी, नाही लागणार. कायद्याने जन्माला घातलेली संस्था आणि कायद्याखाली नोंदलेली संस्था यांत फरक आहे. एसटी महामंडळ पहिल्या प्रकारातलं, सोसायटी दुसऱ्या. सोसायटीचे उपविधीही कलम 13 मधले 'उपविधी' नव्हेत. न्यायालयं त्यांना सभासदांमधल्या कराराच्या जागी धरतात.

रस्ता असा: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960, कलम 91, सहकार न्यायालय, किंवा विषयानुसार उपनिबंधक. उपनिबंधकाने हुकूम काढला की मात्र चित्र पालटतं, कारण तो राज्यसंस्थेचा माणूस. त्याच्या हुकमावर आधी अपील किंवा 154 खाली पुनरीक्षण, आणि त्यानंतर रिट. तेव्हा प्रतिवादी क्रमांक 1 सोसायटी नसते, ज्याचा हुकूम रद्द करून हवा तो अधिकारी असतो. सोसायटी येते खाली, क्रमांक 3 किंवा 4 वर.

---

तळटीप

अटकेवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कलम 22 चे पहिले दोन खंड हा घटनेतला सर्वांत घड्याळी मजकूर आहे, आणि घड्याळातच घोळ घातला जातो.

22(1): अटकेची कारणं शक्य तितक्या लवकर सांगणं आणि पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणं. 22(2): 24 तासांत जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणं, त्यातून फक्त प्रवासाचा आवश्यक वेळ वजा. रविवार वजा नाही, गणपतीची सुट्टी वजा नाही, 'साहेब बंदोबस्तावर होते' हेही नाही. सुट्टीच्या दिवशी रिमांडसाठी दंडाधिकारी नेमलेला असतोच. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिचं कलम 58 तर म्हणतं की त्या दंडाधिकाऱ्याला खटल्याचं अधिकारक्षेत्र असो वा नसो.

आता घड्याळ कधी सुरू होतं ते बघा. समजा एखाद्याला सकाळी 11 वाजता 'चौकशीला' बोलावलं, मोबाइल काढून घेतला, बाकड्यावर बसवलं, जाऊ दिलं नाही. अटक पंचनाम्यावर वेळ पडली रात्री 9:40. दुसऱ्या दिवशी रात्री 8 ला कोर्टापुढे नेलं. कागदावर 22 तास 20 मिनिटं, सगळं नियमात. प्रत्यक्षात 33 तास. मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम्सच्या एका जुन्या प्रकरणात सांगितलं आहे की मोकळेपणी हलण्यावर बंधन आलं तिथून अटक, अधिकाऱ्याने कागदावर लिहिली तिथून नव्हे. म्हणून पहिल्या रिमांडच्या वेळीच वकिलाने दंडाधिकाऱ्याला विचारायला लावायचं: ठाणे दैनंदिनीत पहिली नोंद किती वाजताची? ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी द्यायचा. महिनाभराने दिला तर काय उत्तर मिळतं ते सांगायला नको.

कारणं सांगणं म्हणजे कलमांचे आकडे सांगणं नव्हे. 'भारतीय न्याय संहिता कलम अमुक' हे अटकेचं कारण होत नाही. त्या माणसाने नेमकं काय केलं असा आरोप आहे ते हवं. ऑक्टोबर 2023 मध्ये मनी लाँडरिंगच्या, मे 2024 मध्ये यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या प्रकरणांत लेखी कारणं आवश्यक ठरली. मग महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात नोव्हेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने ते सर्वच गुन्ह्यांना लावलं: कारणं लेखी, आरोपीला समजणाऱ्या भाषेत. त्या क्षणी लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगा, पण रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान 2 तास आधी कागद हातात पडलाच पाहिजे. हे त्या निकालापुढच्या अटकांना. बिहारहून आलेल्या मजुराला मराठी कागदावर अंगठा उठवायला लावणं यात बसत नाही.

अटकेच्या कागदावर कुटुंबातल्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही, वेळ आणि तारीख, नातेवाइकाला कळवल्याची नोंद, वैद्यकीय तपासणी, कोठडीत असेपर्यंत दर 48 तासांनी पुन्हा तपासणी. हे सगळं 1996 च्या डी. के. बसू निकालातलं, त्यातलं बरंचसं नंतर संहितेत आलं.

7 वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात थेट अटक हा नियम नाही. आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची, हजर राहण्याची नोटीस. अटक करायचीच तर का, हे लेखी नोंदवावं लागतं. नोटिशीला हजर राहा, पोच ठेवा. गैरहजर राहिलात की पोलिसांना हवं ते कारण तुम्हीच पुरवलंत.

---

रेघोट्या

>> फक्त प्रवासाचा आवश्यक वेळ वजा

पूर्ण बरोबर, पण 22(3) विसरू नका. शत्रुदेशाचा नागरिक आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेतला माणूस, या दोघांना 22(1) आणि (2) लागूच होत नाहीत. घटनेनेच ते दार आपल्या हाताने लावून घेतलं आहे.

---

पत्र्याची पेटी

@रेघोट्या, लावलं, पण खिडकी ठेवली: 22(4) ते (7). महाराष्ट्रात त्याचा रोजचा वापर म्हणजे 1981 चा एमपीडीए, ज्याला सगळे झोपडपट्टीदादा कायदा म्हणतात. इथे खटला नाही, शिक्षा नाही, 'पुढे करील' या शंकेवर तुरुंग. कमाल 12 महिने. त्यामुळे मुदती काटेकोर पाळाव्या लागतात, आणि स्थानबद्धतेचे हुकूम टिकत नाहीत ते बहुधा मुदतींवरच.

स्थानबद्धतेची कारणं 5 दिवसांत द्यायची. आयुक्त किंवा जिल्हाधिकाऱ्याने काढलेला हुकूम राज्य सरकारने 12 दिवसांत मंजूर केला नाही तर तो संपला. 3 आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे. मंडळाचा अहवाल स्थानबद्ध केल्याच्या तारखेपासून 7 आठवड्यांत. मंडळ 'पुरेसं कारण नाही' म्हणालं तर सोडावंच लागतं. मंडळापुढे वकील उभा करण्याचा हक्क नाही हेही लक्षात ठेवा.

सर्वांत धारदार खंड 22(5): कारणं कळवणं, आणि त्याविरुद्ध निवेदन करण्याची लवकरात लवकर संधी देणं. यातून निघालेला एक मुद्दा पोलिसांच्या मसुद्यात वर्षानुवर्षं गळत होता. सरकारची मंजुरी येईपर्यंतच्या काळात हुकूम काढणारा अधिकारी स्वतःही तो मागे घेऊ शकतो. म्हणून 'तुम्ही माझ्याकडेही निवेदन करू शकता' हे स्थानबद्धाला सांगावंच लागतं. ते वाक्य नव्हतं म्हणून हुकूम रद्द झाले आणि 2000 साली संतोष शंकर आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. एका वाक्याची किंमत. आता ते छापील मसुद्यातच असतं. तरी नीट वाचा, कधी तारीख चुकलेली असते.

बाकी नेहमीचे मुद्दे: निवेदनावर निर्णय घ्यायला झालेला उशीर आणि त्याचं दिवसवार स्पष्टीकरण नसणं, दिलेल्या कागदांच्या छायाप्रती वाचता न येणं, स्थानबद्धाला येत नाही त्या भाषेतले कागद, शेवटचा गुन्हा आणि हुकूम यांत इतकं अंतर की धागाच तुटलेला. आणि सर्वांत मूलभूत, हे खरंच 'सार्वजनिक सुव्यवस्थे'चं प्रकरण आहे का? राम मनोहर लोहिया निकालात, 1965 मध्ये, एकात एक तीन वर्तुळांची कल्पना आहे. सर्वांत बाहेरचं कायदा-सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्था, त्याच्या आत राज्याची सुरक्षा. दोघांची पानटपरीवरची मारामारी बाहेरच्या वर्तुळात राहते. गल्लीतली दुकानं धडाधड बंद झाली आणि लोक साक्षीला पुढे येईनात, तर ती आत सरकते. गोपनीय साक्षीदारांचे 'अ' आणि 'ब' जबाब प्रत्येक हुकमात एकाच साच्याचे दिसतात, कारण हे दुसरं वाक्य त्यात बसवायचं असतं.

जाता जाता: 44 व्या दुरुस्तीने मंडळाशिवाय डांबण्याची घटनेतली 3 महिन्यांची मर्यादा 2 महिन्यांवर आणायचं ठरवलं होतं. संसदेने मंजूर केलं, राष्ट्रपतींची सही झाली. ते कलम अंमलात आणण्याची अधिसूचना मात्र आजतागायत निघालेली नाही.

---

सातवी अनुसूची

सगळं चोख आहे, पण धागा एका पायावर उभा आहे. हक्क म्हणजे तिसरा भाग आणि रिट, एवढंच धरून चाललोय. घटनेचा बाकीचा सांगाडाही हक्कच राखतो. कोण कायदा करणार, किती दिवस टिकणार, कोणाच्या मंजुरीने, हे नियम मोडले की नुकसान शेवटी नागरिकाचंच.

एक पुण्याचं उदाहरण. कलम 213 खाली राज्यपालांचा वटहुकूम विधिमंडळ पुन्हा भरल्यावर 6 आठवड्यांत संपतो, मंजूर झाला नाही तर. बिहार सरकारने यावर तोड काढली: अधिवेशन संपलं की तोच वटहुकूम पुन्हा काढायचा. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी राजपत्रं चाळून मोजदाद केली. 1967 ते 1981 या काळात 256 वटहुकूम, आणि त्यांतले काही असे पुन्हा पुन्हा काढून 14 वर्षांपर्यंत जिवंत ठेवलेले. ते 32 खाली सर्वोच्च न्यायालयात गेले. तुमचा काय संबंध, हा प्रश्न आलाच. न्यायालयाचं उत्तर महत्त्वाचं आहे: वटहुकमाने नव्हे, विधिमंडळाने केलेल्या कायद्यानेच आपल्यावर राज्य व्हावं हा आग्रह धरायचा प्रत्येक नागरिकाला अधिकार आहे. डिसेंबर 1986 मध्ये ही प्रथा घटनेची फसवणूक ठरली आणि वाधवांना 10,000 रुपये खर्च मंजूर झाला. जानेवारी 2017 मध्ये 7 न्यायमूर्तींनी पुढचं पाऊल टाकलं: वटहुकूम विधिमंडळापुढे ठेवणं बंधनकारक.

दुसरं उदाहरण @चाळकरी यांच्या सोसायटीचं. 97 व्या घटनादुरुस्तीने 'सहकारी संस्था' असा भाग 9ब घातला. संचालक मंडळाची 21 सदस्यांची मर्यादा, निवडणुका, लेखापरीक्षण वगैरे. हेतू चांगलाच होता. पण सहकारी संस्था राज्यसूचीत, नोंद 32. राज्यांच्या अधिकाराला हात लावणाऱ्या दुरुस्तीला 368(2) प्रमाणे निम्म्या राज्य विधिमंडळांची संमती लागते. ती घेतलीच नव्हती. 20 जुलै 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने 2 विरुद्ध 1 बहुमताने तो भाग राज्यांतल्या संस्थांपुरता रद्द ठरवला. बहुराज्यीय संस्थांपुरता राहिला. महाराष्ट्राने मात्र त्या दुरुस्तीला धरून 2013 मध्ये स्वतःच्या अधिनियमात बदल केले होते. तो राज्याचा स्वतःचा कायदा, त्यामुळे आज वाद घालताना 'घटनेत आहे' म्हणू नका, अधिनियमाचं कलम दाखवा.

छोटी गंमत: मंत्र्यांची संख्या. 164(1अ), 91 वी दुरुस्ती: विधानसभेच्या 15 टक्के, मुख्यमंत्री धरून. महाराष्ट्रात 288 चे 43.2, म्हणून 43. गोव्यात 40 चे 6 होतात, पण किमान 12 ची सूट तिथेच दिली आहे, त्यामुळे तिथे 12. टक्केवारी काढली तर गोव्याचं मंत्रिमंडळ दुप्पट जाड.

---

मुद्रांकित

@सातवी अनुसूची, वाधवांचं उदाहरण मान्य. पण 'सांगाडा हक्क राखतो' याला माझी हरकत आहे. आणीबाणीत, 28 एप्रिल 1976 ला, सांगाडा जागेवर होता: संसद होती, मंत्रिमंडळ होतं, सर्वोच्च न्यायालय होतं. एडीएम जबलपूर प्रकरणात 4 विरुद्ध 1 ने ठरलं की आणीबाणीत हक्कांची दाद थांबवणाऱ्या कलम 359 खालच्या आदेशामुळे हेबियस कॉर्पस मागताच येणार नाही. 9 उच्च न्यायालयांनी त्याआधी उलटं म्हटलं होतं. ती सगळी पुसली गेली. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात. तो निकाल 24 ऑगस्ट 2017 ला, खासगीपणाच्या 9 न्यायमूर्तींच्या निकालात, रद्दबातल ठरला. तोपर्यंत नागरिकाला वाचवलं ते 44 व्या दुरुस्तीने 359 मध्ये घातलेल्या शब्दांनी: कलम 20 आणि 21 वगळून. सांगाड्याने नव्हे, शब्दांनी.

---

सातवी अनुसूची

ते शब्द घालायला संसदेचं विशेष बहुमत लागलं ना? तो सांगाडाच. आणि त्याच दुरुस्तीने आणीबाणी जाहीर करण्याच्या कलम 352 मध्ये 'अंतर्गत अशांतता' काढून 'सशस्त्र बंड' घातलं, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय बंधनकारक केला, संसदेची मंजुरी 2 महिन्यांवरून 1 महिन्यात आणि तीही विशेष बहुमताने. हे सगळं अठराव्या भागात आहे, तिसऱ्यात नाही.

---

तळटीप

दोघांच्या मधलं एक प्रकरण आहे, आणि त्याचा मराठीशी थेट संबंध आहे. 1962 च्या आणीबाणीतलं. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी अणूविषयी मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं आणि हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे पाठवायची परवानगी मागितली. सरकारने नाकारली. कलम 21 ची दाद मागण्यावर राष्ट्रपतींच्या आदेशाने बंदी होती. सरकारचा युक्तिवादही सोपा: स्थानबद्धाला आम्ही देऊ तेवढंच स्वातंत्र्य.

उच्च न्यायालयाने अनुक्रमणिका पाहिली. मजकूर निखळ शास्त्रीय. सप्टेंबर 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील फेटाळलं. कारण बघा. राष्ट्रपतींची बंदी सशर्त होती: त्या कायद्याखाली आणि नियमांखाली स्वातंत्र्य गेलं असेल तरच दाद नाही. स्थानबद्धतेच्या अटींमध्ये पुस्तक बाहेर पाठवू नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे सरकारचा नकार नियमात बसत नव्हता, म्हणून बंदीचं छत्रही त्यावर नव्हतं. हस्तलिखित बाहेर गेलं.

रिट लिहिणाऱ्यांना यात उपयोगाचं हे: 'माझा हक्क' सिद्ध करण्याआधी 'तुमचा अधिकार कुठल्या ओळीत आहे' हे विचारा. पुष्कळदा ती ओळ नसतेच.

---

चाळकरी

व्यवहाराचा प्रश्न. पंढरपूरच्या एखाद्याला हेबियस कॉर्पस टाकायची, वकिलाचे पैसे नाहीत. कुठे आणि कशी?

---

कडीकोयंडा

@चाळकरी, पंढरपूर सोलापूर जिल्ह्यात, म्हणून आता कोल्हापूर. 18 ऑगस्ट 2025 पासून तिथे मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे 6 जिल्हे त्याच्याकडे.

पैशांचं: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987, कलम 12. कोठडीतल्या माणसाला, स्त्रीला, मुलाला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, अपंग व्यक्तीला वकील मोफत, आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. अर्ज तुरुंग अधीक्षकामार्फत किंवा तालुका विधी सेवा समितीकडे, मराठीत चालतो. उच्च न्यायालयातली याचिका मात्र कलम 348 मुळे इंग्रजीत, ती वकील करील.

टाकण्याआधी एक बघा: दंडाधिकाऱ्याचा रिमांडचा हुकूम झाला आहे का? झाला असेल तर हेबियस कॉर्पस सहसा टिकत नाही, हुकूम अधिकाराबाहेरचा किंवा पूर्ण यांत्रिक असल्याशिवाय. मग जामीन. आणि आरोपपत्र दाखल करण्याच्या 60 किंवा 90 दिवसांच्या मुदतीवर नजर ठेवा, ती उलटली की जामीन हक्काने मागता येतो. मार्च 2023 च्या निकालानंतर पहिल्या रिमांडचा दिवसही त्यात मोजायचा. 61 व्या किंवा 91 व्या दिवशी सकाळी कोर्ट उघडताना अर्ज टेबलावर हवा. दुपारी दिलात आणि आरोपपत्र 11 वाजता आलं, तर तो जामीन गेला.

---

चाळकरी

रिमांड झालेला नाही, तिसरा दिवस आहे.

---

तळटीप

मग जामिनाच्या मागे जाऊ नका. आजच 'मेंशन' करायला, म्हणजे कोर्टापुढे तातडीची सुनावणी मागायला सांगा. याचिकेत पहिल्या परिच्छेदात तीनच गोष्टी: किती वाजता नेलं, कोणी पाहिलं, कोणत्या ठाण्यात. बाकी कलमं मागाहून.